वसई-विरारची घरं आणि आपल्या दारावरची मोजणी



आपल्या सौंदडच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या गटांच्या बैठकीत अलीकडे एक विषय पुन्हा पुन्हा निघतो. बचत जमा झाली, हप्ते झाले, वहीवर सह्या झाल्या की कुणीतरी विचारतं, "ताई, पोरगा मुंबईकडे जातो म्हणतो. विरारला खोली पाहिली आहे. गटातून काही रक्कम मिळेल का?" कुणाच्या मुलीला नालासोपाऱ्याचं स्थळ आलेलं असतं. कुणाचा भाचा वसईला कंपनीत लागलेला असतो.

ही नावं आता आपल्या कानांना सवयीची झाली आहेत. पण ती वस्ती कशी आहे, तिथं मुळात कोण राहत होतं, आज कोण राहतं, घरं कशी आहेत, हे नीट माहीत नसतं. मुलगा सांगतो तेवढंच आपण ऐकतो, आणि मुलाला दलालानं सांगितलेलं असतं. म्हणून आज आम्ही समुद्रकाठच्या या उपनगराची माहिती देणार आहोत. माणसांचे आणि घरांचे आकडे शेजारी ठेवून कसे वाचायचे, तेही यातून समजेल. शेवटी आपल्याच दारावर येणाऱ्या मोजणीबद्दल बोलू, कारण तिथं उत्तरं आपल्याला द्यायची आहेत.

हे गाव कुठं आहे

गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसनं निघालो की दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई. दादरला उतरायचं आणि पश्चिम रेल्वेची विरार लोकल पकडायची. वांद्रे, अंधेरी, मग गोरेगाव लागतं. आपल्या जिल्ह्यात गोरेगाव तालुका आहे, त्यामुळं नाव ऐकून आपल्या बाया चमकतात, पण हे गोरेगाव वेगळं. पुढं बोरिवली, भाईंदर, आणि मग गाडी एका रुंद खाडीवरच्या पुलावर येते. ही वसईची खाडी. ती ओलांडली की नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार अशी स्टेशनं लागतात.

पश्चिमेला समुद्र, पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा नदी. या चौकटीत हा मुलूख बसला आहे. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे.

आधीपासूनची माणसं

उपनगर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उंच इमारती येतात. पण वसई आधी खेडंच होतं, आणि ते खेडं इमारतींच्या मागं आजही आहे.

समुद्राच्या अगदी काठावर कोळी लोक. पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा इथं त्यांची वस्ती आहे. आपल्याकडे ढिवर समाज मालगुजारी तलावांवर आणि बोड्यांवर मासेमारी करतो, तसे हे समुद्रावर करतात. पुरुष होडी घेऊन जातो आणि मासळी विकते बाई. पैशाचा व्यवहार तिच्या हातात. पावसाळ्याआधी बोंबील वाळवून साठवायचं कामही तीच करते. कोळीवाड्यातली घरं एकमेकींना चिकटून असतात, मध्ये अरुंद बोळ, आणि पुढं जाळी पसरायला, मासळी वाळवायला मोकळी जागा. ती जागा आपल्याला पडीक वाटेल, पण आपलं जसं धान मळायचं खळं असतं तशीच ती त्यांची कामाची जागा.

काठापासून थोडं आत बागायतदार. सामवेदी, वाडवळ, आगरी, भंडारी अशा समाजांची गावं. केळी, भाजीपाला, फुलं, पानमळे. घरापुढं अंगण, मागं वाडी, वाडीत विहीर. इथले बरेचसे लोक ख्रिस्ती आहेत, कारण सोळाव्या शतकापासून दोनशे वर्षं इथं पोर्तुगीजांचं राज्य होतं. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला तेव्हा ते संपलं. धर्म बदलला तरी भाषा राहिली. सामवेदी ख्रिस्ती कुटुंबं घरात कादोडी बोलतात, ती मराठीचीच बोली. ख्रिस्ती धर्मगुरू आणि मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथलेच. वसईची हिरवळ वाचवायला जे आंदोलन झालं त्यात ते पुढं होते. २०२० च्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

पूर्वेला डोंगराच्या बाजूला आदिवासी पाडे. वारली, कातकरी, मल्हार कोळी. आपल्या देवरी-सालेकसा भागातल्या गोंड-हलबी बहिणींसारखंच त्यांचं जगणं जंगल आणि मजुरीवर चालत आलं आहे. शहर वाढलं ते या पाड्यांच्या अंगावरूनही वाढलं.

नंतर आलेली माणसं

विरारहून मुंबईकडे जाणारी लोकल १८६७ सालीच सुरू झाली होती. पण शंभर वर्षं त्या गाडीतून मुख्यतः भाजी, फुलं, दूध आणि मासळी मुंबईला जात होती. माणसं राहायला आली ती बरीच नंतर.

त्यामागं मुंबईत घडलेल्या गोष्टी आहेत. गिरणगावात कापड गिरण्यांचे कामगार चाळींतल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत राहत. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा मोठा संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. बऱ्याच गिरण्या पुन्हा नीट सुरू झाल्याच नाहीत. रोजगार गेला, पोरं मोठी झाली, खोलीत मावेनासं झालं. मुंबईत दुसरं घर परवडणारं नव्हतं. मग खोली विकून जे पैसे आले त्यात जिथं दोन खोल्या मिळतील तिथं माणसं सरकत गेली. मध्य रेल्वेनं कल्याण-डोंबिवलीच्या पुढं, पश्चिम रेल्वेनं वसई-विरारकडे.

त्यांच्या मागून कोकणातली, पश्चिम महाराष्ट्रातली, गुजरातची, उत्तर प्रदेश-बिहारची माणसं आली. वसई पूर्वेला लहान-मोठे कारखाने आणि गाळे झाले, तिथं कामगार लागले. बांधकामावर मजूर लागले. आपल्या विदर्भातलीही पोरं त्यात आहेत.

इथून चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर. म्हणजे आपण सौंदडहून गोंदियाला जातो त्याहून लांब, तेही रोज, उभ्यानं. घर स्वस्त पडतं, पण उरलेली किंमत प्रवासाच्या वेळात मोजावी लागते. बायका ती जास्त मोजतात, कारण जाण्याआधी आणि आल्यावर चूल त्यांचीच. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली अशी केवळ महिलांसाठीची लोकल सुरू झाली आणि पुढं ती विरारपर्यंत नेली. नोकरी करणाऱ्या किती बाया या टोकाला राहायला गेल्या होत्या, हे त्यावरून समजतं.

आता आकडे वाचू

देशाची शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची. २०२१ ची करोनामुळं पुढं ढकलली गेली. त्यामुळं खालचे सगळे आकडे २०११ चे आहेत, ते जुने आहेत हे लक्षात ठेवून ऐका. तरी वस्तीचा स्वभाव त्यातून कळतो.

वसई-विरार शहराची लोकसंख्या १२,२२,३९०. आपल्या अख्ख्या गोंदिया जिल्ह्याची १३,२२,५०७. आपल्याकडे आठ तालुके, जंगल, तलाव, शेकडो गावं मिळून जेवढी माणसं, जवळपास तेवढी त्या एका शहरात.

२००१ साली त्याच चार नगरपरिषदांची मिळून लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे दहा वर्षांत अडीचपट झाली का? इथं थांबा. २००९ मध्ये ५३ ग्रामपंचायती जोडल्या गेल्या, त्यांची माणसंही २०११ च्या आकड्यात आली. वाढ मोठी झाली हे खरं, पण सगळी वाढ नव्या माणसांची नाही. गटाच्या वहीतही असंच होतं. दहा बायांच्या गटात पाच नव्या आल्या आणि बचत वाढली, तर जुन्या बायांनी जास्त बचत केली असं आपण म्हणत नाही. दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवताना हद्द तीच आहे का, हे आधी बघायचं.

आता पुरुष आणि स्त्रिया. वसई-विरारमध्ये ६,४८,१७२ पुरुष आणि ५,७४,२१८ स्त्रिया. पुरुष जवळपास ७४ हजारांनी जास्त. दर हजार पुरुषांमागं ८८६ स्त्रिया. गोंदिया जिल्ह्यात ६,६१,५५४ पुरुष आणि ६,६०,९५३ स्त्रिया. फरक फक्त ६०१ चा, म्हणजे हजारामागं ९९९. आणि कोकणातल्या रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागं ११२२ स्त्रिया.

रत्नागिरीत बाया जास्त आणि वसई-विरारमध्ये पुरुष जास्त, या दोन गोष्टी जोडलेल्या आहेत. कोकणातला कमावता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबई आणि तिच्या उपनगरांत जातो. गावाकडे बायको, म्हातारी माणसं आणि शेती. उपनगरात एका खोलीत चार-पाच पुरुष. एकाच कुटुंबाचा एक तुकडा एका तक्त्यात मोजला जातो, दुसरा तुकडा दुसऱ्या तक्त्यात.

पण पुरुष जास्त दिसले की कारण दरवेळी हेच, असं समजू नका. मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत तरीही तक्त्यात पुरुष जास्त दिसतात. ते वेगळं ओळखायचं तर सहा वर्षांपर्यंतच्या लेकरांचा आकडा बघायचा, कारण लहान लेकरं एकटी नोकरीला जात नाहीत. महाराष्ट्रात २००१ साली सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ९१३ मुली होत्या. २०११ साली ८९४ झाल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ मध्ये होऊनही ही घट झाली. मोठ्या माणसांच्या आकड्यातून स्थलांतर दिसतं आणि लेकरांच्या आकड्यातून आपली नियत.

कोण कुठल्या घरात राहतं

माणसं समजली की घरं समजतात. वसई-विरारमध्ये फिरलं तर साधारण चार तऱ्हेची घरं दिसतात.

पहिलं, गावठाणातलं आणि वाडीतलं घर. जुन्या मालकांचं. कौलारू किंवा त्या जागी बांधलेला बंगला. जमीन घरच्या नावावर, विहीर स्वतःची. आपल्याकडचं कवेलूचं घर आणि मागची सांदवाडी आठवा, तसाच नमुना.

दुसरं, स्टेशनच्या जवळपासच्या, परवानगी घेऊन बांधलेल्या इमारतींतलं घर. एक खोली आणि स्वयंपाकघर असेल तर त्याला तिथं वन आरके म्हणतात. बाहेरची खोली, झोपायची खोली आणि स्वयंपाकघर असेल तर वन बीएचके. पगारदार कुटुंबं बँकेचं कर्ज काढून अशी घरं घेतात. इमारतीची सोसायटी असते, महिन्याला देखभाल खर्च असतो.

तिसरं, चाळ. पण ही गिरणगावातली जुनी चाळ नव्हे. पूर्वेकडच्या मोकळ्या जागेवर एका रांगेत उभ्या केलेल्या एकमजली खोल्या, वर पत्रे. पुष्कळदा परवानगी नसते. जमीन कधी सरकारी, कधी वनखात्याची, कधी आदिवासीच्या नावावरची असते.

चौथं, परवानगी नसताना उभ्या राहिलेल्या चार-पाच मजली इमारती. रंग नवा, फरशी चकचकीत, किंमत कमी. बाहेरून बघून ही आणि दुसऱ्या तऱ्हेची इमारत वेगळी ओळखू येत नाही.

माणसांच्या तक्त्याशी घरांची ही यादी जोडली की एक गोष्ट स्पष्ट होते. जो आधी आला त्याच्याकडे जमीन. त्यानंतर पगारपत्रक घेऊन आलेल्याला बँकेचं कर्ज आणि कायदेशीर घर. सगळ्यांत शेवटी, रोजंदारीवर, कागदाशिवाय आलेल्याच्या वाट्याला चाळ किंवा अनधिकृत इमारत. आपल्या गावातलं पोरगं आज तिथं जातं ते या शेवटच्या रांगेत उभं राहतं. म्हणून आपण जास्त सावध असायला हवं.

जागेचाही प्रश्न आहे. उंच जागा आधीच्यांनी घेतल्या. नंतरची वस्ती सखल भागात, मिठागरांच्या आणि नाल्यांच्या कडेला वाढली. जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या, मिठागरांवरची माणसं पाण्यात अडकली. उन्हाळ्यात उलट तऱ्हा, टँकरची वाट बघायची. सूर्या धरणाचं पाणी या शहराला मिळतं, पण माणसं वाढत गेली तशी पाण्याची ओढही वाढत गेली. पाणी भरायचं काम कुणाचं, हे बहिणींनो तुम्हाला सांगायला नको.

पैसे देण्याआधी

हे नुसतं ऐकून सोडण्यासारखं नाही. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरी भागात सांडपाणी प्रकल्प आणि कचऱ्यासाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीला त्या पाडल्या गेल्या. दोन हजारांवर कुटुंबं रस्त्यावर आली. त्यातल्या बऱ्याच जणांनी घरासाठी पैसे मोजलेले होते. त्याच वर्षी, २७ ऑगस्ट २०२५ रोजी मध्यरात्रीनंतर विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा भाग कोसळला आणि १७ माणसं गेली.

म्हणून मुलगा "खोली पाहिली आहे" म्हणाला की गटानं आणि आईनं काही गोष्टी विचारायच्या.

घर विकत घ्यायचं असेल तर महापालिकेची बांधकाम परवानगी आहे का? इमारत पूर्ण झाल्यावर मिळणारं भोगवटा प्रमाणपत्र आहे का? तिथं त्याला ओसी म्हणतात. नवी इमारत असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक आहे का? पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या किंवा आठपेक्षा जास्त घरांच्या प्रकल्पाला ही नोंदणी करावी लागते, आणि तो क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतो. क्रमांक छापलेला दिसला म्हणून विश्वास ठेवायचा नाही, तो टाकून बघायचा. जमीन कुणाच्या नावावर आहे हे सातबारावर बघायचं. सातबारा आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला ओळखीचा आहे, तिथं वेगळा नसतो.

व्यवहार दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवला जाणार आहे का, हे विचारा. शंभर-पाचशेच्या स्टँप पेपरवर नोटरीची सही शिक्का झाला म्हणजे घर आपलं झालं असं नाही. वीजबिल आणि घरपट्टी नावावर आली म्हणजेही नाही. अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी लागते. ती भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही.

भाड्यानं घ्यायचं असेल तरी करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो. महाराष्ट्रात ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. अनामत किती, ती परत कधी, पाणी कुठून येतं, संडास घरात की सामायिक, हे आधीच विचारायचं. मुलगी जाणार असेल तर स्टेशनपासून खोलीपर्यंत रात्री कसं यायचं, हेही.

आणि घर घेतलंच तर नाव दोघांचं लागलं पाहिजे. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नवरा-बायको दोघांची नावं लावायचा शासननिर्णय २००३ सालचा आहे. गावात आपण त्यासाठी ग्रामसेवकाच्या मागं लागतो. मग शहरात घर घेताना सून फक्त स्वयंपाकघरापुरती का राहावी?

गटातून कर्ज द्यायचं असेल तर ही कागदपत्रं बैठकीत सगळ्यांसमोर बघावीत, असं आमचं मत आहे. पंचसूत्रीत कर्जाची नियमित परतफेड सांगितली आहे. घरच पाडलं गेलं तर परतफेड कुठून येणार? एकीचे पैसे बुडाले तर त्या दहा जणींच्या घामाचे असतात.

आता आपल्या दारावर

इतका वेळ आपण दुसऱ्यांचा तक्ता वाचला. आता आपला लिहिला जाणार आहे. नव्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. तिचे दोन टप्पे. पहिल्यात घरांची यादी, २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात, प्रत्येक राज्यानं ठरवलेल्या तीस दिवसांत. दुसऱ्यात माणसांची मोजणी, फेब्रुवारी २०२७ मध्ये. हिशेबाची तारीख १ मार्च २०२७. यावेळी नोंद मोबाइलवर होणार आहे आणि माणसांच्या मोजणीत सगळ्यांची जात विचारली जाणार आहे.

घरांच्या यादीत तेहेतीस प्रश्न आहेत. भिंत कशाची, छप्पर कशाचं, जमीन सारवलेली की फरशीची. घर स्वतःचं की भाड्याचं, खोल्या किती, लग्न झालेली जोडपी किती. पाणी कुठून, ते घरात की लांब. संडास, न्हाणीघर, सांडपाण्याचा निकाल. स्वयंपाक गॅसवर की सरपणावर. रेडिओ, टीव्ही, मोबाइल, इंटरनेट, सायकल, मोटारसायकल. मुख्य धान्य कोणतं, हेही. आपल्या धानाच्या जिल्ह्यात त्याचं उत्तर सांगायला कुणाला विचार करावा लागणार नाही. आणि रेडिओच्या प्रश्नाला हो म्हणणाऱ्या बाया आत्ता ऐकतच आहेत.

इथं चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, जनगणनेत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. एका छपराखाली दोन चुली असतील तर कुटुंबं दोन. विधवा जाऊ किंवा नवऱ्यानं सोडलेली बहीण वेगळी रांधत असेल तर तिचं कुटुंब वेगळं लिहिलं गेलं पाहिजे. दिराच्या घरात तिची नोंद झाली तर ती एकटी राहते हे कुणालाच कळणार नाही.

दुसरी, कुटुंबप्रमुख बाई असू शकते. नवरा बारा महिने बाहेर आणि घर, शेती, व्यवहार ती बघत असेल आणि घरचे तिलाच प्रमुख मानत असतील, तर तिचंच नाव सांगायचं. लाजायचं कारण नाही.

तिसरी, काम. प्रगणक विचारतो, "बाई काय करते?" आणि घरातलं कुणीतरी सांगून मोकळं होतं, "काही नाही, घरीच असते." रोवणी केली, निंदण केलं, कापणी केली, तेंदूपत्ता तोडला, मोहफुलं वेचली, गटाची शिलाई केली. शेत घरचंच असलं आणि मजुरी मिळाली नाही तरी ते काम मोजलं जातं. वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम असेल तर बाई मुख्य काम करणारी, कमी असेल तर सीमांतिक. रांधणं-वाढणं त्यात धरत नाहीत, हे आम्हालाही खटकतं. पण जे धरतात ते तरी सुटायला नको.

चौथी, गाव सोडल्याचं कारण. २०११ च्या मोजणीत देशात सुमारे ४५ कोटी माणसं स्थलांतरित निघाली आणि त्यात दोन तृतीयांशांहून जास्त स्त्रिया होत्या. बहुतेकींच्या पुढं कारण लिहिलं गेलं, लग्न. लग्न होऊन विरारला गेलेली आपली लेक तिथं कंपनीत कामाला लागली, तरी गाव सोडण्याचं कारण लग्नच राहील. निदान तिचं काम तिथल्या रकान्यात भरलं जावं, एवढं तिला फोन करून सांगा. आणि जी मुलं नेहमी तिकडेच राहतात त्यांची मोजणी तिकडे व्हायला हवी. दोन्हीकडे नाव लिहिलं तर दोन्ही तक्ते चुकतात.

या आकड्यांवरून पुढची दहा वर्षं पाण्याच्या योजना, शाळा, दवाखाने आणि आरक्षणाच्या जागा ठरतात. वसई-विरारसारखं शहर घाईघाईत वाढलं, आणि तिथल्या पाण्याच्या, नाल्यांच्या योजना माणसांच्या मागून धावत राहिल्या. आपलं सौंदड महामार्गावर आहे, रेल्वे स्टेशन आहे. इथंही रस्त्याकडेला प्लॉट पडत आहेत, घरं वाढत आहेत. आपली मोजणी आधी नीट झाली तर पाणी आणि नाली मागायला आपल्या हातात आकडा राहील.

गटांनी एक काम करावं. पुढच्या बैठकीत अर्धा तास काढून प्रत्येकीनं आपल्या घराची उत्तरं कोऱ्या कागदावर लिहून काढावीत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं सचिवानं लिहावं. खोल्या किती, चूल किती, पाणी कुठून, बाई काय काम करते, बाहेरगावी कोण आणि कधीपासून. प्रगणक आला तेव्हा घरात जे कुणी असेल त्याला तो कागद दाखवता येईल. ग्रामसंघात हे कागद एकत्र ठेवले तर गावाचा आपला स्वतःचा तक्ताही तयार होईल, ग्रामसभेत मांडता येण्यासारखा.

विरारच्या खोलीबद्दल कुणाला कागद दाखवायचे असतील तर पैसे देण्याआधी बैठकीला घेऊन या, आपण सगळ्या मिळून वाचू.